डोळे येऊन गेले, डाग मागे राहिला!

डोळे येणे हा काही मोठा आजार नव्हे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पावसाळ्यात डोळे येतात, आठ-दहा दिवस लाल राहतात, सकाळी पापण्या चिकटतात आणि पुढे आपोआप बरे होतात. बहुतेकांच्या बाबतीत हे खरेही आहे. परंतु काहींचे डोळे बरे होतात आणि बुबुळावर डाग मात्र मागे राहतो. त्या एवढ्याशा डागापायी कष्टकरी माणसाची रोजीरोटी कशी धोक्यात येते, हे आम्ही आमच्याच चाळीत पाहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती, हे वाचकांना आठवत असेल. पुण्याजवळच्या आळंदीत हजारो लोकांचे डोळे आले. नंतर ठिकठिकाणी तोच प्रकार झाला. आमच्या शेजारच्या वहिनी तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसतात. त्यांचा आधी उजवा डोळा आला, तीन दिवसांनी डावा. मजुरी नगावर; घरी बसले की खाडा. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने एक बाटली काढून दिली. थेंब घातले, दोन दिवसांत लाली उतरली आणि वहिनी कामावर हजर झाल्या.

तीन आठवड्यांनी त्यांना समोरचे धूसर दिसू लागले. दिव्याभोवती कडे दिसे, उन्हात डोळे दिपत. काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेना, सुईत दोरा ओवता येईना. त्यांनी पुन्हा तीच बाटली आणली. थेंब घातले की स्वच्छ दिसे, बंद केले की महिनाभरात पुन्हा धूसर. असे पाच-सहा महिने चालले. शिलाई वाकडी जाऊ लागली तेव्हा सुपरवायझरने त्यांना मशीनवरून उठवून धागे कापायला बसवले. मजुरी निम्म्यावर आली. तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. "भाऊ, डोळ्यांत फूल पडलं म्हणतात. आता मी आंधळी होणार का हो?"

आम्ही काही डॉक्टर नव्हे. शिक्षण कॉमर्सचे, काम कारकुनीचे. परंतु अर्ज, दाखले आणि रुग्णालयातील रांगा यांची आम्हांस सवय आहे. वहिनींबरोबर हिंडताना तज्ज्ञांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

आजच्या आज लेसर!

प्रथम आम्ही एका खासगी दवाखान्यात गेलो. डोळे नीट तपासण्यापूर्वीच तेथील काउंटरवर सांगण्यात आले, "लेसर करून टाका, डाग साफ निघेल. आज पैसे भरलेत तर सवलत मिळेल." दोन्ही डोळ्यांचा जो आकडा सांगितला, तो वहिनींच्या सहा महिन्यांच्या पूर्ण मजुरीएवढा होता. वहिनी मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या. आम्ही त्यांना म्हटले, एक आठवडा थांबा, सरकारी रुग्णालयातील नेत्रविभागात दाखवू, मग ठरवा.

सरकारी रुग्णालयात अर्धा दिवस रांगेत गेला, पण तपासणी नीट झाली. डॉक्टरबाईंनी हनुवटी टेकवायला लावून भिंगाच्या यंत्रातून दोन्ही बुबुळे पाहिली, डोळ्यांतील दाब मोजला आणि जुनी बाटली मागितली. बाटलीवरचे नाव वाचून त्या म्हणाल्या, "ताई, हे स्टिरॉइड आहे. कोणी लिहून दिलं?" वहिनी गप्प. डोळ्यांतील दाब वाढला होता. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितले, "आता लेसर करायचा नाही. आधी हा दाब उतरवू. डाग अजून ताजे आहेत, त्यांतले बरेचसे औषधाने जातील. उरतील त्यांचं पुढे बघू."

एका ठिकाणी आजच्या आज लेसर, दुसऱ्या ठिकाणी आता लेसर नाही! खरे काय मानावे? हे समजण्यासाठी डाग पडतो कसा, ते आधी पाहावे लागेल.

डाग पडतो कसा?

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. शाळेच्या पुस्तकात त्यास पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो काचेसारखा स्वच्छ असतो. सर्वांत वरचे पातळ आवरण खरचटले तर काही दिवसांत पुन्हा भरून येते. त्याच्या खालच्या थरांना इजा झाली तर मात्र व्रण राहतो. हा व्रण म्हणजेच आपल्या बोलीतले 'फूल'.

डोळे आणणारे विषाणू अनेक आहेत. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात एक साथ उद्भवली. माणूस चंद्रावर उतरला तेच ते वर्ष, म्हणून तिकडे लोकांनी तिला 'अपोलो'चे नाव दिले. १९७१ मध्ये ती बंगालमध्ये पोहोचली, तेव्हा तिचे नाव पडले 'जय बांगला'. त्या जातीच्या विषाणूने डोळा रक्तासारखा लाल होतो, पण बहुधा आठवडाभरात बरा होतो आणि बुबुळावर डाग राहत नाही.

अ‍ॅडिनोव्हायरस नावाच्या विषाणूच्या काही जातींचे तसे नाही. त्या पारपटलाच्या वरच्या आवरणात शिरतात. सुमारे दोन आठवड्यांनी विषाणू हटतो, परंतु त्याच्या उरल्यासुरल्या अंशांशी लढण्यास शरीरातील रक्षक पेशी आवरणाखाली गोळा होतात. त्यांचे नाण्यासारखे गोल, फिकट ठिपके दिसू लागतात. वहिनींच्या डोळ्यांत हेच झाले होते. असे ठिपके सर्वांनाच येत नाहीत. ज्यांना येतात, त्यांतील बहुतेकांचे काही आठवड्यांत वा महिन्यांत विरून जातात. थोड्यांचे वर्षानुवर्षे राहतात.

तिसरा शत्रू हर्पिस. तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू तो हाच. तो एकदा शरीरात शिरला की मज्जातंतूंत दडून बसतो आणि पुन्हा पुन्हा उठतो. डोळ्यात उठला तर पारपटलावर झाडाच्या फांदीसारखी जखम होते. बहुधा एकाच डोळ्याला होते, हे लक्षात ठेवावे. प्रत्येक वेळी तो थोडा थोडा व्रण मागे ठेवतो. आपण ज्याला नागीण म्हणतो, तोही याच कुळातील विषाणू. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागीण उठली, तर मंत्र घालून उतरवत वा लेप लावत बसू नये. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी दिवस वाया घालवणे म्हणजे दृष्टी घालवणे होय.

थेंबांचा फसवा गुण

स्टिरॉइडचे थेंब हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून, हळूहळू कमी करीत वापरले तर त्याने डोळे वाचतात. परंतु ते दुधारी आहे. ते विषाणूला मारीत नाही, फक्त शरीराची लढाई थांबवते. म्हणून लाली उतरते, ठिपके फिके होतात आणि थेंब एकदम बंद केले की ठिपके परत येतात. माणसाला वाटते, याच औषधाने गुण येतो! मग बाटलीमागून बाटली. त्यातून डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. आणि डोळ्यात हर्पिसची फांदीसारखी जखम असताना हे थेंब पडले, तर जखम पसरून डोळाच गमावण्याची पाळी येते.

म्हणून बाटलीवर प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक थेंबही घालू नये. शेजारणीला गुण आला म्हणून तिची बाटली आपण वापरू नये. घरात इंग्रजी वाचणारी मुले आहेत, त्यांच्याकडून बाटलीवरचे नाव वाचून घ्यावे. मध, कांद्याचा रस, अंगावरचे दूध, झाडपाला यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये, हे तर सांगायलाच नको.

लेसर म्हणजे नेमके काय?

या उपचाराचे लांबलचक नाव फोटोथेरप्युटिक केराटेक्टॉमी, थोडक्यात पी.टी.के. त्यासाठी एक्सायमर नावाचा लेसर वापरतात. चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी जे यंत्र असते, बहुधा त्याच यंत्राने हे काम होते.

या लेसरची कथा ऐकण्यासारखी आहे. १९२९ मध्ये मद्रासेत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करीत. जेम्स वाइन व सॅम्युअल ब्लम हे त्यांचे सहकारी. नोव्हेंबर १९८१ मध्ये, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर श्रीनिवासन यांनी हा किरण सोडून पाहिला. मांस न जळता, न करपता, त्यावर स्वच्छ चीर पडली. १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांनी श्रीनिवासन यांच्यासह हे तंत्र पारपटलासाठी वापरता येईल, असे दाखवले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पारपटलाच्या उपचारासाठी या लेसरला मान्यता दिली. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते या तिघांचा तेथील राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक देऊन गौरव झाला. जेवणातील उरलेल्या तुकड्यावर केलेल्या प्रयोगातून जगभरच्या लोकांची दृष्टी सुधारली!

हा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याचा एक ठोका पारपटलाचा सुमारे पाव मायक्रॉन थर उडवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सुतार रंधा मारून फळी साफ करतो, तसे हे काम. रंधा जरुरीपुरताच मारायचा असतो, कारण फळी मुळातच पातळ आहे. म्हणून साधारणतः वरच्या शंभर मायक्रॉनच्या आत, म्हणजे वहीच्या एका पानाच्या जाडीएवढ्या खोलीपर्यंत जे डाग असतील, त्यांनाच हा उपचार लागू पडतो. डाग किती खोल आहे, हे डोळ्याला हात न लावता प्रकाशाच्या साह्याने मोजणारे यंत्र असते. ही मोजणी झाल्याशिवाय लेसरला होकार देऊ नये.

कोणाला लागू, कोणाला नाही?

डाग ताजे असतील, कमी-जास्त होत असतील, तर लेसरची घाई करू नये. आधी औषध. हल्ली स्टिरॉइड कमी करता यावे म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचे औषध डोळ्यात देतात. त्याने डोळ्यांतील दाब वाढत नाही. डाग जुने, थंड, वरवरचे आणि बुबुळाच्या मध्यभागी दृष्टीच्या आड येणारे असतील, तर लेसरचा विचार होतो. डाग कडेला असेल आणि दिसण्यास अडथळा नसेल, तर तो तसाच राहू द्यावा. केवळ दिसायला बरे म्हणून पारपटल खरवडू नये.

हर्पिसच्या डागाबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण लेसरच्या धक्क्यानेही झोपलेला हर्पिस जागा होऊ शकतो. म्हणून डोळा किमान सहा महिने ते वर्षभर शांत असावा लागतो आणि लेसरच्या आधी व नंतर अ‍ॅसायक्लोव्हिरसारख्या गोळ्या द्याव्या लागतात. वारंवार हर्पिस उठणाऱ्यांना या गोळ्या वर्षभर रोज दिल्याने तो परत उठण्याचे प्रमाण बरेच घटते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवून दिले आहे.

डाग खोल असेल, तर लेसरने काम होत नाही. काहींना कडक कॉन्टॅक्ट लेन्सने दिसू लागते. ते न जमल्यास नेत्ररोपण, म्हणजे दुसऱ्याने मरणोत्तर दान केलेले पारपटल बसवणे. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा नेत्रदान पंधरवडा पाळतात, तो याचसाठी. चष्मा असलेली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली व्यक्तीही नेत्रदान करू शकते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपेढीस कळवावे. तोवर पापण्या मिटाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके किंचित उंच ठेवावे, एवढे केले की पुरे.

वहिनींचे पुढे काय झाले?

दाब उतरला, स्टिरॉइड हळूहळू सुटले. नवे औषध जवळजवळ वर्षभर चालले. उजवा डोळा औषधानेच स्वच्छ झाला. खासगी दवाखान्याचे ऐकले असते, तर त्या डोळ्यावरही विनाकारण लेसर झाला असता! डाव्या डोळ्याच्या मध्यभागी मात्र दोन डाग तसेच राहिले. ते सहा महिने जराही बदलले नाहीत, तेव्हा २०२५ च्या सुरुवातीस डॉक्टरबाईंनी लेसर सुचवला.

लेसरला सुई नाही, भूल नाही, फक्त बधिर करणारे थेंब. काम काही मिनिटांत आटोपले. डोळ्यावर पट्टीसारखी एक मऊ लेन्स बसवून त्याच दिवशी घरी पाठवले. परंतु 'काही दुखत नाही' असे जे सांगतात, ते खरे नव्हे. पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग होती, पाणी थांबत नव्हते. पाचव्या दिवशी आवरण भरून आले, लेन्स काढली. पुढे काही आठवडे नजर आज बरी तर उद्या धूसर, असे चालले. थेंब काही महिने, उन्हात काळा चष्मा, धुळीपासून जपणे आणि ठरल्या तारखेला तपासणी. वहिनींनी एकही तारीख चुकवली नाही.

तीन महिन्यांनी नजर स्थिर झाली. पारपटल मध्यभागी चपटे झाल्याने चष्म्याचा नंबर बदलतो, तसा वहिनींचा बदलला. आता त्यांना चष्मा आहे. रात्री दिव्याभोवतीचे कडे कमी झाले, पूर्ण गेले नाही. ठिपके पुन्हा येऊ शकतात, असेही डॉक्टरबाईंनी सांगून ठेवले आहे. पण वहिनी परत मशीनवर बसल्या. परवा त्या आमच्या दारात आल्या आणि काही न बोलता काळा दोरा सुईत ओवून दाखवला. आमच्या डोळ्यांत पाणी आले, ते साथीचे नव्हते!

खर्चाचे काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे. कारखान्यात ई.एस.आय. कापला जात असेल, तर ते कार्ड बरोबर न्यावे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आखलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. तेथील समाजसेवा अधीक्षकांना भेटून या योजनेतून आपल्याला काय मिळू शकते, हे विचारावे. यात भीक मागण्याचा प्रश्न नाही, तो आपला हक्क आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जुने सर्व कागद व औषधांच्या बाटल्या एका पिशवीत घालून न्याव्यात. आमच्या अनुभवाने सांगतो, ज्याची पिशवी तयार, त्याचे निम्मे काम झाले.

आणि लेसर सुचवणाऱ्या डॉक्टरांना चार प्रश्न अवश्य विचारावेत. डाग कोणत्या आजाराचा? किती खोल? तो वाढतो-घटतो आहे की थंडावला आहे? लेसर केला नाही तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, तेथे पैसे भरण्याची घाई करू नये.

साथ घरी आली तर

नुसते डोळ्यांत पाहिल्याने डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशी, रुमाल यांतून साथ पसरते. म्हणून साबणाने हात धुवावेत, टॉवेल वेगळा ठेवावा, डोळे चोळू नयेत. लाली उतरल्यावरही धूसर दिसत असेल, उजेड सहन होत नसेल, दुखत असेल किंवा एकच डोळा वारंवार लाल होत असेल, तर मेडिकल दुकान हे डोळ्यांचे रुग्णालय नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

एका दिवसाचा खाडा वाचवण्यासाठी वहिनींनी बाटली घेतली आणि दीड वर्ष मोजले. ते तुमच्या घरात कोणाला मोजावे लागू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.